माय शुद्ध बोलू लागली

माझं नाव विजया. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं सगळं बालपण अमरावतीत गेलं आणि तिथं मला या नावानं हाक मारणारं माणूस शोधूनच काढावं लागलं असतं. शाळेत, किराण्याच्या दुकानात, राजापेठेच्या थांब्यावर मी ‘सोनकी’ होते. सोनकी ही माझ्या वडिलांच्या गोष्टींतली पोरगी. नाक वाहणारी, वात्रट, कुठंही काहीही बोलून मोकळी होणारी. बाबा एका हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि दर रविवारी गावच्या वर्तमानपत्रात वऱ्हाडीत एक गोष्ट लिहायचे. सोनकी, सोनकीची माय आणि सोनकीचा बाप अशी तीन माणसं त्या गोष्टींत असायची, आणि आमच्या घरातही आम्ही तिघंच होतो. कोण कोणावरून काढलंय हे लपवायची बाबांना कधी गरज वाटली नाही. उलट पाहुणे आले की मला पुढं करून म्हणायचे, ‘‘हे पाहा, हेच सोनकी.’’ पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. मी काहीतरी बोलावं, गमतीचं. मी बोलले नाही तर त्यांना वाटायचं, पोरगी लाजली. आणि बोलले, तर हसायचे. मी काय बोलले हे मात्र कोणी ऐकत नसे.

बाबांवर मला राग धरता येत नाही, तेव्हाही नीटसा धरता आला नाही. तरुणपणी ते पुण्याला शिकायला गेले होते. तिथं वर्गात उभं राहून त्यांनी ‘मले समजलं नाई’ एवढंच म्हटलं, आणि मास्तरांसकट सगळा वर्ग हसला. हे त्यांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितलं आणि दर वेळी सांगताना त्यांची मान तशीच खाली जायची. परत आल्यावर त्यांनी ठरवलं, लिहायचं ते आपल्याच बोलीत. ‘‘आपली बोली बुडून राहिली, विजू. शाळा बुडवून राहिली तिले. आन् त्या शाळेचा पगार मीच घेतो,’’ असं ते म्हणायचे. वर्गात व्याकरण शिकवायचे, घरी आले की कोट खुंटीला टांगून वऱ्हाडी व्हायचे. त्यांच्या गोष्टी वाचून दूरदूरच्या गावांतून माणसं भेटायला यायची, त्यांचे हात हातात धरून उभी राहायची. आपण बोलतो तसं छापून येऊ शकतं हेच लोकांना नवीन होतं. ते खोटं नव्हतं आणि लहानही नव्हतं, हे आज मी स्वतः चार गोष्टी लिहिल्यावर जास्त कळतं.

पण बाबांची बोली येत होती मायच्या तोंडातून. माय अकोटची. कापसाच्या जिनिंगच्या आवारात वाढलेली. सरकीच्या ढिगावर खेळलेली आणि यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली. ती बोलायला लागली की भांडी, भाजी, ऊन, शेजारीण, सगळ्यांना जीव यायचा. आमच्याकडे बाईसुद्धा ‘मी जातो, मी येतो’ म्हणते. माय ते असं म्हणायची की जाणारी ती एकटी नाही, सगळं घर उठून चाललंय असं वाटावं. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये फक्त फळ्यांची आडभिंत होती, आणि बाबांचं टेबल त्या फळ्यांना टेकून ठेवलेलं होतं. मला आठवतात ते आवाज असे : परातीत भाकर थापल्याचा थपथप आवाज, ठेचा वाटताना वरवंट्याची घासाघास, मायचं अखंड बोलणं, आणि पलीकडून टाकाची बारीक कुरकुर. मायचं बोलणं थांबलं की कुरकुर थोडा वेळ चालायची आणि मग तीही थांबायची. गल्लीत सगळ्यांकडे रॉकेलचे स्टोव्ह आले तरी आमच्याकडे शेगडीच राहिली. स्टोव्हच्या भर्र आवाजात शब्द बुडतात, असं बाबांचं म्हणणं. माय कोळशाच्या धुरात डोळे पुसत अंबाडीची भाजी घोटायची आणि शेगडीलाच शिव्या द्यायची. त्या शिव्या रविवारी छापून यायच्या.

सुरुवातीला तिला मौज वाटायची. पेपर आला की चौथीपर्यंत शिकलेली माझी माय बोटानं एकेक ओळ धरून वाचायची आणि म्हणायची, ‘‘असं म्हटलं व्हतं काय मी? भल्लीच बोलतो बाप्पा मी!’’ पण हळूहळू बायका आमच्याकडे यायच्या कमी झाल्या. शेजारच्या कमलकाकू रोज दुपारी वाती वळायला येऊन बसायच्या, त्या दारातूनच परतायला लागल्या. एकदा मायनं हात धरून आत ओढलं तर म्हणाल्या, ‘‘नोको वो. तुमच्या घरी बोलाची सोय नाई. इथी खोकललं तरी रविवारी छापून येते.’’ त्या हसत म्हणाल्या, पण आत आल्या नाहीत. मग मायला बोलायला घरात मीच उरले, आणि फळ्यांच्या पलीकडे बाबा.

मायला एकच बहीण होती, नलूमावशी. अकोटलाच दिलेली. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी ती अचानक एका दुपारी आमच्याकडे आली. हातात पिशवीही नव्हती. बाबा शाळेतून येऊन टेबलाशी बसले होते. माय शेवया वळत होती, मीही पाटाशी होते. मावशी भिंतीला टेकून बसली आणि दबक्या आवाजात सांगू लागली. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी, दुसरी बाई घरात आणली होती. मावशीचं सामान गल्लीत फेकलं होतं. लुगडी, डबे, देवाचा पाट. त्यात तिच्या आईनं लग्नात दिलेला पितळी गुंड होता, पाणी भरायचा. तो मात्र काका परत आत न्यायला लागले, घरात पाण्याला लागतो म्हणून. मावशीनं तो त्यांच्या हातून ओढून घेतला, गल्लीच्या मधोमध उपडा घातला आणि त्यावर बसली. दिवस बुडेपर्यंत बसून राहिली. सगळी गल्ली गोळा झाली, कोणी समजूत घातली, कोणी हसलं. ती उठली नाही. अंधार पडू लागल्यावर गुंड कडेवर घेऊन ती वडिलांच्या रिकाम्या घराकडे चालत गेली.

‘‘कडेवर घेतला व, लेकरासारखा,’’ मावशी म्हणाली आणि तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडू लागली. मायनं पिठाच्या हातांनीच तिला धरलं. थोड्या वेळानं मावशी डोळे पुसून म्हणाली, ‘‘भाऊजीले नोको सांगू.’’

सांगायची गरजच नव्हती. पलीकडची खुर्ची बराच वेळ कुरकुरली नव्हती, हे तेव्हा फक्त माझ्या लक्षात आलं.

त्या रविवारी ‘मावशीचा गुंड’ छापून आली. बाबांच्या सगळ्या गोष्टींत तिचं नाव झालं. आजही कोणी म्हातारं माणूस भेटलं आणि मी कोणाची मुलगी हे कळलं, की त्याच गोष्टीचं नाव काढतं. मी ती अनेकदा वाचली आहे आणि लिहिणारी म्हणून तिच्यात खोट काढणं कठीण आहे. बाबांनी नवरा काढून टाकला होता, दुसरी बाई काढून टाकली होती. फक्त गुंड ठेवला होता. एक लठ्ठ, भांडखोर मावशी गुंडावर बसते, आणि गल्लीतले एकेक जण येऊन तिला उठवायचा प्रयत्न करतात, एवढीच गोष्ट. कमलकाकू सार्वजनिक नळावर ती मोठ्यानं वाचत होत्या. मायला बघून म्हणाल्या, ‘‘तुमची बहीनच ना हे?’’ माय भरलेली बादली घेऊन घरी आली. पेपर घेतला, बोटानं ओळ धरत शेवटपर्यंत वाचला, घडी घालून बाबांच्या टेबलावर ठेवला. बाबा तिच्याकडे बघत होते, नेहमीसारखे, ती काय म्हणते याची वाट पाहत.

‘‘जेवण तयार आहे,’’ माय म्हणाली. ‘‘आपण हातपाय धुऊन घ्यावे.’’

बाबा मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, माय नक्कल करतेय, एखाद्या बामनाघरच्या बाईची. पण संध्याकाळीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. ‘‘कपडे वाळले आहेत.’’ ‘‘पाहुणे आले होते, ते पुन्हा येतील.’’ तिची जीभ अडखळायची, ‘ण’ आणि ‘ळ’ म्हणताना ती मधेच थांबून शब्द जुळवायची, पण मागे फिरायची नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की ती कामं टाकून जवळ बसायची आणि निवेदिकेबरोबर तिचे ओठ हलायचे. माझ्या मराठीच्या पुस्तकातले धडे ती दुपारी वाचायची. बाबांनी पहिल्या आठवड्यात त्याचीही गोष्ट केली, ‘सोनकीची माय शुद्ध बोलते’. तीही गाजली. पण पुढच्या आठवड्यात काय लिहिणार? माय घरात जे बोलायची ते कुठल्याही गावच्या, कुठल्याही बाईचं असू शकलं असतं. मग तिनं साठवलेल्या पैशांतून स्टोव्ह आणला. स्वयंपाक नसला तरी तो भर्र पेटलेला असायचा, वर नुसतं पाणी उकळत असायचं.

त्या घरात मी कशी जगले ते सांगणं अवघड आहे. बाहेरून पाहिलं तर काहीच घडत नव्हतं. भांडण नव्हतं, आवाज चढत नव्हते. पण मी तोंड उघडलं की दोन्हीकडून माणसं कान टवकारायची. मी वऱ्हाडीत काही बोलले, की फळ्यांपलीकडे टाक उचलल्याचा आवाज यायचा आणि इकडे मायचे हात थांबायचे. शुद्ध बोलले, की बाबा न जेवता उठायचे. शाळेत शुद्ध बोललं तर मुली म्हणायच्या, ‘‘सोनकी शेफारली.’’ वऱ्हाडीत बोललं तर म्हणायच्या, ‘‘आनखी बोल ना, आनखी!’’ मी मानेनं हो-नाही म्हणायला शिकले. दुकानात बोटानं वस्तू दाखवायचे. गच्चीवर वाळवण राखायला बसले की मी कावळ्यांशी बोलायचे, तेसुद्धा आधी जिन्यात कोणी नाही ना हे बघून.

अशात अकोल्याच्या एका साहित्य मंडळानं बाबांचा सत्कार ठरवला. सत्कारानंतर सोनकीनं, म्हणजे मी, नऊवारी नेसून ‘मावशीचा गुंड’ सादर करायची. बाबांनीच माझ्याकडून ती पाठ करून घेतली. मावशीनं कंबरेवर हात कसे ठेवायचे, ओठ कसे मुडपायचे, सगळं दाखवलं. माय दारात उभी राहून बघायची. मी नाही म्हटलं असतं, पण कोणत्या भाषेत म्हणावं हे मला खरंच कळत नव्हतं.

दुपारचा कार्यक्रम होता. हॉल भरला होता. मंचावर बाबा, पुण्याचे एक नावाजलेले पाहुणे, आणि शेवटच्या खुर्चीवर माय. पाहुण्यांनी बोलीच्या गोडव्यावर भाषण केलं, आणि शेवटी मायकडे वळून म्हणाले, ‘‘आता खुद्द सोनकीच्या आईंनी त्यांच्या गोड भाषेत दोन शब्द बोलावेत.’’ टाळ्या झाल्या. माय माइकपाशी गेली. पदर सारखा केला. ‘‘आपण सर्वांनी माझ्या यजमानांचा सन्मान केला. मी आपली आभारी आहे.’’ एकही ‘ळ’ अडखळला नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, ‘‘वयनी, वऱ्हाडीत बोला ना!’’ माय म्हणाली, ‘‘ती भाषा आमच्या घरी आता कोणी बोलत नाही,’’ आणि जाऊन बसली. लोक हसले, त्यांना तोही विनोद वाटला. बाबा हसले नाहीत. ते मायकडे बघत राहिले. त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं की ही नक्कल नाही, रुसवाही नाही.

मग माझं नाव पुकारलं, सोनकी म्हणून. मी पुढं आले, कंबरेवर हात ठेवले, आणि बायकांच्या रांगांत मला नलूमावशी दिसली. अकोटहून एस.टी.नं एकटी आली होती. कोणी बोलावलं नव्हतं. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत शांत बसली होती. माझी पहिली ओळ होती, ‘माही मावशी म्हंजे हे एवढी!’ आणि हात पसरून दाखवायचं होतं. माझे हात कंबरेवरच राहिले. तोंड उघडं होतं, आतून काही येत नव्हतं. बाबांनी मागून ओळ सांगितली. पुन्हा सांगितली. मग हॉलमध्ये कुजबुज वाढली, तसे ते उठून माझ्या शेजारी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘‘पोट्टी घाबरली,’’ म्हणाले, आणि स्वतःच सुरू झाले. बाबा फार चांगले नकलाकार होते. त्यांनी धोतर आवरून हवेतच गुंडावर बसून दाखवलं. हॉल नुसता फुटला. पाहुणे रुमालानं डोळे पुसत होते. मावशी त्या सगळ्यांच्या मधोमध बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका हसून तिच्याच अंगावर पडत होत्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माय उठली होती. सगळ्यांच्या देखत ती मंचाच्या पायऱ्या उतरली, रांगेतल्या बायकांचे गुडघे ओलांडत मावशीपर्यंत गेली आणि तिचा हात धरून तिला उभं केलं. दोघी दाराकडे चालू लागल्या. बाबा हवेत बसलेल्या अवस्थेतच थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि नऊवारीचा काष्टा सावरत मायच्या मागे पळाले.

अकोल्याच्या बसस्टँडवर अकोटची गाडी लागायची होती. बाकावर आम्ही तिघी बसलो. मायनं कागदात आलूबोंडे आणले, मावशीच्या हातात दिले आणि म्हणाली, ‘‘काहून आल्ती व तू? कोनं बलावलं व्हतं तुले?’’ मी चमकून बघितलं. किती महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होते.

‘‘पाहाले आल्ती,’’ मावशी म्हणाली. ‘‘मी कशी दिसतो थे.’’

‘‘मंग? पाह्यलं?’’

‘‘पाह्यलं. मी एवढी जाडी हावो काय व?’’

माय तिच्याकडे बघत राहिली, आणि मग दोघी अशा हसायला लागल्या की बाजूच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. अकोट येईपर्यंत माय बोलत होती. कापसाबद्दल, रस्त्याबद्दल, कंडक्टरच्या मिशांबद्दल, मेलेल्या आईबद्दल. धरणाचं दार उघडावं तसं ते होतं. मी खिडकीशी बसून नुसती ऐकत होते, आणि मधेच मीही बोलू लागले, आणि कोणीच कान टवकारले नाहीत.

मावशी आजोबांच्या घरात शिवणक्लास चालवायची. आम्ही तिथं राहिलो. अंगणात बसून बायका काजं करायच्या आणि माय त्यांच्यात बसून बोलत राहायची. गल्लीतली पोरं मावशीला बघून ‘गुंड, गुंड’ ओरडायची, तेव्हा माय त्यांच्या मागे चप्पल घेऊन धावायची. काही दिवसांनी बाबा आले. दाराबाहेर त्यांचा पांढरा सदरा मला दिसला, पण ते आत येईनात. भिंतीआड उभे राहून ऐकत होते. हातात काही नव्हतं, टाक नाही की कागद नाही. नुसते डोळे मिटून उभे होते. मग मायचं लक्ष गेलं.

‘‘आपण आलात,’’ ती म्हणाली. ‘‘बसा. पाणी आणते.’’

बाबा अंगणातच बसले. दाढी वाढली होती. त्यांनी मावशीकडे बघून हात जोडले. मावशीनं शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. मग ते मायला म्हणाले, ‘‘चाल घरी. मी नाई लिवत आता तुह्यावर.’’

‘‘तुम्ही लिहा. आम्ही बोलणार नाही.’’

‘‘असं नोको ना करू व. घर खायाले उठते.’’

माय पाणी आणायला आत गेली. पण संध्याकाळी तिनं पिशवी भरली. तिला जावं लागणारच होतं. मावशीसारखं एकटं राहणं तिला झेपलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि बाबांनाही. मला मात्र त्या पिशवीकडे बघून अमरावतीचं घर दिसू लागलं. ते टेबल, त्या फळ्या, रविवारची वाट बघणारी गल्ली. मी म्हणाले, ‘‘मी नाई येत. मी मावशीपाशी राहातो. इथल्या कॉलेजात जातो.’’

बाबा म्हणाले, ‘‘इथी तुले कोन ओळखते?’’

‘‘म्हनूनच,’’ मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी चांगलं बोलले होते, त्यांना ते कळलं होतं, आणि नेहमीच्या सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला. मग तो त्यांनी तसाच खाली आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. माय खिडकीशी बसली, बाबा शेजारी. इंजिन सुरू झालं. मायच्या ओठांवर काहीतरी येत होतं आणि ती ते गिळत होती. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा बाबांकडे. बाबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, समोरच्या सीटकडे तोंड केलं, आणि भरलेल्या गाडीत, लहान मूल झाकतं तसे, दोन्ही हातांनी आपले कान गच्च झाकून घेतले.

मायनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. ‘‘मावशीले तरास देऊ नोको! सांजच्याले बाहीर फिरू नोको! केसाले तेल लावत जाजो, झिपरी झाली माही पोट्टी! आन् जेवत जाजो व माय, पोटभर जेवत जाजो...’’ गाडी हलली. मी बाजूनं चालत होते, मग पळत होते. गाडी रस्त्याला लागून वळली तेव्हाही बाबांचे हात कानांवरच होते, आणि माय बोलतच होती.